कवितांचं छोटं प्रकाशन आणि मलपृष्ठावरची एक ओळ

(वाचनप्रेमींच्या मंचावरची चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

तळटीप

चार वर्षं झाली, आम्ही तिघं मिळून कवितांचं एक छोटं प्रकाशन चालवतो. सहा पुस्तकं काढली. तिघांची पोटापाण्याची कामं वेगळी आहेत, प्रकाशनातून कुणी काही घेत नाही. सुरुवातीलाच ठरवलं होतं की जे काही हाती येईल ते इस्पितळात महिनोन्महिने उपचार घेणाऱ्यांना पुस्तकं पुरवणाऱ्या एका संस्थेला द्यायचं. म्हणून प्रत्येक पुस्तकाच्या मलपृष्ठावर खाली एक ओळ छापत आलो: 'या पुस्तकाच्या विक्रीतून होणारा सर्व नफा रुग्णांच्या वाचनालयासाठी दिला जाईल.'

गेल्या महिन्यात एका वाचकाचं पत्र आलं. त्यांनी आमची तीन पुस्तकं विकत घेतली होती, त्यातली दोन भेट म्हणून दिली होती. तक्रारीचा सूर अजिबात नव्हता. एवढंच विचारलं होतं की आजवर किती रक्कम दिली?

मी हिशेबाची वही घेऊन बसले. सहापैकी चार पुस्तकांचा खर्चसुद्धा पुरता निघालेला नाही. पाचव्याचा जेमतेम निघाला. एका पुस्तकात थोडे पैसे उरले होते, ते पुढच्या पुस्तकाच्या कागदात गेले. थोडक्यात, सगळं मिळून नफा झालाच नाही आणि म्हणून दिलंही काही नाही. शब्दांत पकडायचं तर आम्ही खोटं बोललो नव्हतो. पण त्या वाचकांनी पुस्तक घेताना मनात जे धरलं होतं, तसं काही घडलं नव्हतं.

त्यांना सगळं जसंच्या तसं कळवलं. ते उत्तर लिहायला मला दोन दिवस लागले.

आता सातवं पुस्तक छपाईला जायचं आहे. आतली पानं तयार आहेत, मलपृष्ठ मी अडवून ठेवलं आहे. असं प्रकाशन चालवणारे किंवा कधीकाळी चालवलेले, अशा पुस्तकांना कविता दिलेले, अशी मदत घेणाऱ्या बाजूला असलेले कुणी इथे असाल तर कृपया लिहा. ती ओळ काढून टाकू, बदलू, की कवितेच्या पुस्तकावर हे ओझं टाकणंच मुळात चूक आहे?

हिशेबनीस

वाचकाला खरं कळवलंत हे फार चांगलं केलंत.

मी बरीच वर्षं धर्मादाय संस्थांचे हिशेब तपासतो. 'सर्व नफा देऊ' हे शब्द दिसायला सगळ्यात उदार असतात आणि त्यातून संस्थेला बहुतेक वेळा सगळ्यात कमी मिळतं. कारण नफा ही शेवटी उरणारी गोष्ट. कागद, छपाई, बांधणी, कमिशन, टपाल, भेटप्रती असे सगळे रांगेत पुढे उभे असतात आणि ज्यांच्या नावाने पुस्तक निघालं ते रांगेच्या शेवटी.

आकड्यांत बघू. छापील किंमत १०० धरा. वितरक आणि विक्रेता मिळून ४५ घेतात असं समजा. ५०० प्रतींच्या आवृत्तीत छपाई आणि बांधणी प्रतीमागे २५. कवीचे १०. उरले २०. इथवर ठीक दिसतं, आणि बहुतेक जण इथेच थांबतात. पण ५०० छापून ३०० च विकल्या गेल्या तर त्या ३०० प्रतींनी पाचशेंचा खर्च उचलायचा असतो. मग २५ चे जवळजवळ ४२ होतात आणि २० च्या जागी ३ उरतात. त्या तिनातून मुखपृष्ठाचं मानधन, मुद्रितशोधन, टपाल आणि परीक्षणासाठी पाठवलेल्या प्रती भागवायच्या. तुमच्या वहीत नफा दिसत नाही यात तुमचा काही दोष नाही. कवितेच्या पुस्तकाचं गणितच असं आहे.

म्हणून माझा सल्ला असा की देणं नफ्यातून काढू नका, खर्चात धरा. कागदाचा खर्च जसा आधी मांडता, तसेच विकल्या जाणाऱ्या प्रत्येक प्रतीमागे छापील किमतीचे ३ किंवा ५ टक्के, जे झेपेल ते, आधीच मांडा. पहिल्या प्रतीपासून ते बाजूला पडले पाहिजेत. वेगळं खातं, निदान वेगळं पान. पुस्तकात तोटा आला तरी ते द्यायचेच, जसे छापखान्याचे देता.

इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९२ च्या धर्मादाय कायद्याने ही गोष्ट सक्तीची केली. एखादा व्यावसायिक एखाद्या संस्थेच्या नावाने वस्तू विकत असेल तर संस्थेशी लेखी करार हवा, आणि किमतीतलं किती संस्थेला जाणार हे गिऱ्हाइकाला सांगावं लागतं. तुम्हाला कुठला कायदा लागू होतो ते जाणकाराला विचाराच. पण कायद्यात नसलं तरी रीत म्हणून हे पाळण्यासारखं आहे.

आणखी एक. प्रकाशन स्वतःच धर्मादाय असणं वेगळं, आणि प्रकाशनाने दुसऱ्या धर्मादाय कामाला पैसे देणं वेगळं. अमेरिकेत १९७२ साली सुरू झालेलं कॉपर कॅनियन आणि १९७४ साली सुरू झालेलं ग्रेवुल्फ ही प्रकाशनं आज ना-नफा संस्था म्हणून चालतात. चांगलं साहित्य छापून लोकांपर्यंत नेणं हेच त्यांचं लोकहिताचं काम. विक्री कमी पडते तिथे देणग्या आणि अनुदानं हात देतात. त्यांनी आणखी तिसऱ्याला पैसे द्यावेत अशी कुणाची अपेक्षा नसते. तुमचं प्रकाशन चालतं पहिल्या जातीचं आणि वचन दिलंय दुसऱ्या जातीचं. खरी गाठ मला तिथे दिसते.

पानोपानी

मग ओळ काढूनच टाका असं माझं स्पष्ट मत.

मी कवितेचा वाचक आहे. मलपृष्ठावर आजारी माणसांचा उल्लेख दिसला की माझी नजर बदलते. पुस्तक घेतो, पण कवितेसाठी घेत नाही. चांगल्या कामाला हातभार म्हणून घेतो आणि घरी आल्यावर ते न वाचता राहतं. वाईट लिहिलेल्या कवितेबद्दल बोलायचीही चोरी होते. हा कवीवर अन्याय आहे. आज कवितेचं पुस्तक नीट निवडून, नीट छापून, अनेक वर्षं उपलब्ध ठेवणं हे काम लहान नाही. त्याला दुसऱ्या पुण्याचा आधार कशाला?

तळटीप

हिशेबनीस, तुमचा प्रतिसाद मी आमच्यातल्या बाकीच्या दोघांना पाठवला. ३०० प्रतींनी ५०० चा खर्च उचलायचा हे वाक्य आता आमच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं आहे.

पानोपानी, तुमचं म्हणणं मनाला लागलं आणि ते बऱ्याच अंशी खरं आहे. पण हेतू सोडता येणार नाही, त्याचं कारण सांगते. माझी आई अकरा महिने इस्पितळात होती. ती आयुष्यभर कादंबऱ्या वाचणारी. पण औषधांमुळे मागच्या पानावर काय झालं ते तिच्या लक्षात राहीनासं झालं, पात्रांची नावं निसटायची, आणि आपल्याला वाचता येत नाही या विचाराने ती रडायची. एकदा मी सहज एक कविता वाचली, बारा ओळींची. ती संपेपर्यंत तिला सुरुवात आठवत होती. पुढे रोज एक. कधी तीच परत. शेवटी शेवटी ती ओळीच्या शेवटाला ओठ हलवायची.

प्रकाशन त्यातून सुरू झालं. कविता आधी आणि इस्पितळ नंतर जोडलं असं झालेलं नाही, दोन्ही एकाच खाटेपाशी सुरू झालं. म्हणून 'काढून टाका' हे मला जमत नाहीये.

पानोपानी

हे आधी माहीत असतं तर मी असं लिहिलं नसतं. मत मात्र तेच आहे: तुम्ही आत्ता जे सांगितलंत ते त्या ओळीत कुठेच नाही.

खिळेजुळारी

मी शिशाच्या खिळ्यांच्या, म्हणजे एकेक सुटं अक्षर जुळवून छापायच्या काळातला माणूस. तीस वर्षं जुळाऱ्याचं काम केलं. तळटीपताई, आईंची गोष्ट वाचून थोडा वेळ थांबलो, मग लिहायला घेतलं.

कवितेचं पान जुळवायला सोपं असं लोकांना वाटतं, ओळी कमी म्हणून. पण खिळ्यांत कोरी जागा कोरी नसते. समासापर्यंतची सगळी मोकळी जागा शिशाच्या तुकड्यांनी भरावी लागते, नाहीतर फर्मा आवळला की अक्षरं गळून पडतात. कवितेच्या पानात शाई कमी आणि वजन तेवढंच. तेव्हापासून मला कळलं की कवितेच्या पुस्तकात रिकाम्या जागेचे पैसे पडतात. आज संगणकावरही ते खरंच आहे, फक्त दिसत नाही.

त्यामुळे आधी पानं बघा. छपाई फर्म्याने होते, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकदम छापल्या जाणाऱ्या पानांच्या गठ्ठ्याने, बहुतेक १६ पानांचा. ६४ पानांचं पुस्तक चार फर्म्यांत बसतं. ६७ पानं झाली की पाचवा फर्मा लागतो आणि १३ पानं वाया. संपादकाने एक कविता कमी केली, अनुक्रमणिका एका पानात बसवली तर मोठा खर्च वाचतो. मात्र दोन कविता एका पानावर कोंबून पानं वाचवू नका. तिथे कवितेचा श्वास जातो.

दुसरं, प्रती. ऑफसेटला प्लेट आणि यंत्र लावायचा खर्च एकदाच येतो, म्हणून जास्त छापलं की प्रत स्वस्त पडते आणि माणूस मोहात पडतो. डिजिटल छपाईत पहिल्या प्रतीला जेवढा खर्च, जवळपास तेवढाच शंभराव्या प्रतीला. स्वस्त पडतात म्हणून ५०० छापून २०० घरात ठेवण्यापेक्षा २०० छापा, संपल्या की परत १००. प्रत महाग पडेल, पण माळ्यावर पैसे अडकणार नाहीत. १९१७ साली लिओनार्ड आणि व्हर्जिनिया वुल्फ या इंग्रज लेखक दांपत्याने घरात जेवणाच्या टेबलावर हातयंत्र मांडून होगार्थ प्रेस सुरू केलं. त्यांची पहिली पुस्तिका होती फक्त १५० प्रतींची. १९२३ मध्ये टी. एस. एलियटची 'द वेस्ट लँड' ही जगभर गाजलेली दीर्घ कविता त्यांनी स्वतः जुळवून पुस्तकरूपाने काढली, तीही साडेचारशेच्या आसपास प्रती. लहान आवृत्ती काढण्यात कमीपणा काही नाही.

आणि हेतूबद्दल. डब्लिनजवळ १९०२ साली डन एमर नावाची हस्तकलांची कार्यशाळा निघाली. तिथलं छापखान्याचं काम कवी यीट्सची बहीण एलिझाबेथ बघायची. १९०३ मध्ये पहिलं पुस्तक आलं, १९०८ पासून तोच छापखाना क्वाला प्रेस या नावाने वेगळा झाला. खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंत काम करणाऱ्या सगळ्या मुली, तिथेच शिकून तयार झालेल्या. मुलींना हुन्नर आणि रोजगार मिळावा हाच उद्देश. म्हणजे चांगलं काम पुस्तक विकून झाल्यावर करायचं राहिलेलं नव्हतं, पुस्तक तयार होताना होऊन जात होतं. विक्री पडली तरी तेवढं तरी झालेलं असायचं. तुम्हाला यातून काही सुचतंय का बघा.

वाटसरू

वाचतोय. खिळेजुळारी काका, शिशाच्या तुकड्यांचं वाचून अंगावर काटा आला.

अर्धविराम

मी कवीच्या बाजूने लिहिते, कारण अजून कुणी त्या बाजूने बोललं नाही.

काही वर्षांपूर्वी एका आपत्तीनंतर मदतनिधीसाठी एक कवितासंग्रह निघाला. नाव सांगत नाही. माझी कविता मागितली, मी आनंदाने दिली. पुस्तक आलं तेव्हा कवितेतली शेवटून दुसरी ओळ गाळलेली होती. पान भरलं होतं म्हणून. मला विचारलं नव्हतं. मानधन नव्हतं हे मान्यच होतं, पण प्रतही मिळाली नाही, मी विकत घेतली. सगळ्यात वाईट काय झालं असेल तर मी तक्रार करू शकले नाही. घरं वाहून गेलेल्या लोकांसाठी काढलेल्या पुस्तकात आपली एक ओळ गेली म्हणून कोण तोंड उघडणार? चांगला हेतू असा अंगावर आला की कवीचा आवाज बंद होतो. तो संग्रह मी आजही उघडत नाही.

म्हणून तळटीप, एवढं करा. कवीचा वाटा कवीला द्या, हिशेब करून, कितीही छोटा असला तरी. मग तो त्यातून दान करायचं की नाही हे त्याचं त्याने ठरवावं. 'आमच्याकडे सगळे कवी मानधन सोडतात' हे वाक्य करारात आधीच छापलेलं नसावं. संग्रह असेल तर प्रत्येकाकडून फक्त त्या आवृत्तीपुरता हक्क घ्या, कविता पुढे कुठेही छापायला तो मोकळा असला पाहिजे. आणि शेवटची मुद्रितं कवीच्या नजरेखालून गेल्याशिवाय छपाईला नको, वेळ कितीही कमी असो.

स्वतःहून देणारे कवी असतात. डडली रँडल या ग्रंथपालाने १९६५ मध्ये डेट्रॉइटला ब्रॉडसाइड प्रेस सुरू केलं, सुट्या कागदावर एकेक कविता छापून. कवयित्री ग्वेंडोलिन ब्रूक्सला १९५० मध्येच पुलित्झर मिळालं होतं आणि मोठं प्रकाशन तिच्या पाठीशी होतं. तरी १९६९ मध्ये तिने आपलं पुस्तक रँडलकडे दिलं. त्या एका निर्णयाने छोट्या प्रकाशनाला केवढं बळ आलं असेल! पण तो तिचा निर्णय होता.

तळटीप

अर्धविराम, आमच्या पहिल्या तीन पुस्तकांच्या करारात ते वाक्य छापलेलं आहे. मीच लिहिलं होतं. कवींना विचारलं होतं, सगळे हो म्हणाले होते, पण करार पुढे ठेवून विचारल्यावर नाही म्हणणं किती अवघड असतं ते तुमचं वाचून कळलं. त्या तिन्ही कवींना आज पत्र लिहिते.

दिवेलागण

मी घेणाऱ्या बाजूची. इस्पितळात आठवड्यातून तीन संध्याकाळी रुग्णांना वाचून दाखवते, सोबत पुस्तकांची ढकलगाडी असते. तुमची संस्था ती आमची नाही, पण काम तेच.

पैशांपेक्षा पुस्तकांबद्दल लिहिते. एकदा एका प्रकाशनाने आम्हाला २५० प्रती दिल्या, एकाच पुस्तकाच्या. न खपलेल्या. आमच्याकडे कपाट एक. नाकारता आल्या नाहीत, ठेवायला जागा नाही, आणि खरं सांगायचं तर ते पुस्तक खाटेवर पडलेल्या माणसाला वाचताच येत नव्हतं. उरलेलं देणं आणि हवं ते देणं यात फरक आहे. आधी एक फोन करून विचारलं असतं तरी पुरलं असतं.

आम्हाला काय लागतं ते सांगते. एक हात सलाइनला बांधलेला असतो. डिंकाच्या बांधणीचं पुस्तक एका हाताने उघडं राहत नाही, मिटतं. मधोमध पिन मारलेली पातळ पुस्तिका सपाट उघडी राहते, पोटावर ठेवता येते. वजन कमी हवं. कागद चकचकीत नको, डोक्यावरचा दिवा त्यावर चमकतो. अक्षर मोठं, १६ पॉइंटच्या खाली नको. आणि एक कविता शक्यतो समोरासमोरच्या दोन पानांत संपावी, पान उलटणं हे काहींना खरोखर मोठं काम असतं. ३२ पानं पुष्कळ झाली. अशा २० प्रती तुमच्या २०० जाड पुस्तकांपेक्षा आमच्या जास्त उपयोगाच्या.

कविता निवडताना फक्त आशेच्या नकोत. लोक समजतात आजारी माणसाला उमेद देणारंच हवं. मला सगळ्यात जास्त वेळा परत वाचायला सांगितल्या गेलेल्या कविता पावसावरच्या आहेत, आणि एक रागावरची.

तुमच्या आईंबद्दल जे लिहिलंत ते मी रोज बघते. बारा ओळींचंच ते बळ आहे.

ऱ्हस्वदीर्घ

दिवेलागण यांच्या यादीत भर. मी मुद्रितं तपासतो आणि दृष्टिहीन वाचकांसाठी पुस्तकं तयार करणाऱ्यांना मदत करतो.

तुमची पुस्तकं कुठल्या फॉन्टमध्ये जुळवलेली आहेत? जुन्या, युनिकोड (सगळ्या संगणकांना कळणारी अक्षरांची एकच पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये असतील तर पडद्यावर मराठी दिसतं, पण फाइलच्या आत भलतीच अक्षरं असतात. पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्राम ते वाचू शकत नाही, ब्रेलमध्ये आपोआप रूपांतर होत नाही, शोधही लागत नाही. छपाईला काही फरक पडत नाही म्हणून हे वर्षानुवर्षं लक्षात येत नाही. सातव्या पुस्तकापासून युनिकोड धरा. मागची सहा पुस्तकं बदलून घ्यायची असतील तर बदलल्यावर पुन्हा अक्षर न् अक्षर तपासावं लागेल, रफार आणि जोडाक्षरं हमखास घसरतात. मी दोन पुस्तकं तपासून देईन.

ई-पुस्तक काढाल तर सरळ रूपांतर करू नका. वाचणाऱ्याने अक्षर मोठं केलं की लांब ओळ तुटून खाली येते आणि ती नवी ओळ आहे की जुनीचा उरलेला तुकडा, कळत नाही. तुटलेला तुकडा थोडा आत सरकून यावा अशी रचना आधीच करून ठेवता येते. ब्रेलमध्येही हीच अडचण. ब्रेलची ओळ साधारण ४० खुणांची, त्यात लांब ओळ मावत नाही, म्हणून उरलेला भाग आत सरकवून लिहितात. कवितेची ओळ कुठे मोडते हे बोटांनाही कळलं पाहिजे.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळखक्रमांक, घेताना लक्षात ठेवा, छापील आणि ई-पुस्तक यांचे क्रमांक वेगळे लागतात. मोठ्या अक्षरांची आवृत्ती वेगळी काढलीत तर तिलाही वेगळा.

दृष्टिहीनांसाठीच्या प्रतींबाबत २०१३ चा माराकेश हा आंतरराष्ट्रीय करार आहे, २०१६ पासून अमलात. ज्या देशांनी तो स्वीकारला तिथे मान्य संस्थांना हक्कधारकाच्या वेगळ्या परवानगीशिवाय अशा प्रती करता येतात. पण प्रकाशकाने स्वतःहून स्वच्छ फाइल दिली तर त्यांचं महिन्यांचं काम दिवसांवर येतं. ते देणं फुकट आहे, आणि त्याची किंमत मोजता येत नाही.

हिशेबनीस

चर्चा पैशांकडून वस्तूंकडे गेली ते बरं झालं. देण्याचा तिसरा मार्ग राहिला: हक्क देणं. लेखक जे. एम. बॅरी यांनी १९२९ साली आपल्या 'पीटर पॅन' या मुलांच्या गाजलेल्या गोष्टीचे हक्क लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट इथल्या मुलांच्या इस्पितळाला देऊन टाकले. पुढे हक्काची मुदत संपल्यावरही त्यावरचं मानधन इस्पितळाला मिळत राहावं म्हणून ब्रिटनच्या १९८८ च्या कायद्यात खास तरतूद झाली. कवितेच्या पुस्तकात एवढी कमाई कुठून येणार, पण एखाद्या कवीला वाटलं तर एका पुस्तकाचा हक्क असा देता येतो.

पानोपानी

त्याच बॅरी यांची इच्छा होती की या देणगीतून किती पैसे मिळाले ते जाहीर होऊ नये, आणि इस्पितळाने ती पाळली. म्हणजे आकडा न सांगणंही मोठेपणाचं असू शकतं ना?

तळटीप

त्यांनी स्वतःचं दिलं होतं. आम्ही वाचकाला सांगतो आहोत की तू दे, आम्ही पोचवतो. दुसऱ्याचे पैसे पोचवायचे म्हटल्यावर आकडा सांगावाच लागणार. त्या वाचकांनी पत्र लिहिलं ते म्हणूनच मला रास्त वाटतं.

अर्धविराम

अनुमोदन.

तळटीप

काल आम्ही तिघं बसलो. ठरलं ते लिहिते.

सातवं पुस्तक ६८ पानांचं होत होतं. कवयित्रीशी बोलून दोन कविता पुढच्या संग्रहासाठी ठेवल्या आणि ते ६४ वर आणलं. त्या दोन कोणत्या हे तिने निवडलं. ५०० ऐवजी २०० प्रती, डिजिटल. प्रत महाग पडते आहे, पण माळा रिकामा राहील. तिचा वाटा १० टक्के, दर सहा महिन्यांनी, बिनशर्त.

प्रत्येक विकल्या प्रतीमागे छापील किमतीचे ४ टक्के, खर्चात धरलेले. आमचे एक सोबती ५ वर अडून होते, पण विक्री १२० वर थांबली तर काय होईल तो हिशेब मांडला आणि ४ वर आलो. कमी आहेत, पण नक्की आहेत.

याच पुस्तकातल्या १४ कविता घेऊन ३२ पानांची पिन मारलेली पुस्तिका, १८ पॉइंटमध्ये, ३० प्रती, विक्रीसाठी नाही. तिचा खर्च आम्ही तिघं करू. संस्थेला आधी फोन केला. त्यांनी ३० नको, १५ द्या म्हटलं, आणि उरलेल्या १५ दुसरीकडे हव्या असतील तर विचारा असं सुचवलं. दिवेलागण, तुम्हाला चालतील का?

मागच्या सहा पुस्तकांबद्दलही ठरलं. सगळ्या मिळून जेवढ्या प्रती विकल्या गेल्या त्यांवर याच ४ टक्क्यांनी हिशेब केला. ती रक्कम प्रकाशनाच्या खात्यात नाही, म्हणून आम्ही तिघं वर्षभरात हप्त्यांनी भरणार आहोत. पहिला हप्ता गेला. पावतीची प्रत त्या वाचकांना पाठवली.

आता ओळ. ती मलपृष्ठावरून काढली आहे. पानोपानी, तुमचं बरोबर होतं, तिथे ती पुस्तक विकायला उभी राहते. श्रेयपानावर, छापखान्याच्या नावाखाली टाकते आहे. मसुदा असा:

'या पुस्तकाच्या विकल्या गेलेल्या प्रत्येक प्रतीमागे छापील किमतीच्या ४ टक्के रक्कम रुग्णांच्या वाचनालयासाठी दिली जाईल.'

ऱ्हस्वदीर्घ, तुम्ही नजर टाकाल का?

ऱ्हस्वदीर्घ

शुद्धलेखनात चूक नाही. अर्थाच्या बाजूने मात्र तीन जागा मोकळ्या राहिल्या आहेत.

'दिली जाईल' यात देणारा दिसत नाही. कोण देणार? तुम्ही देणार, तर 'आम्ही' लिहा. शिवाय भविष्यकाळात मुदत नाही. कधी देणार ते हवं. आणि कवयित्रीने स्वतः विकत घेतलेल्या किंवा सवलतीत गेलेल्या प्रती धरायच्या की नाही? माझ्या मते धराव्यात. 'छापील किमतीच्या' म्हटलं आहे त्यामुळे सवलतीचा प्रश्न सुटतो, ते शब्द तसेच ठेवा. संस्थेचं नाव घालायचं असेल तर त्यांची लेखी परवानगी घ्या.

हिशेबनीस

विक्रेत्याकडून परत आलेली प्रत विकली गेली असं धरू नका. फक्त पैसे आलेल्या प्रती मोजा. बाकी ऱ्हस्वदीर्घ यांच्याशी सहमत.

दिवेलागण

१५ पुस्तिका चालतील, आनंदाने. पावसावरची एखादी आहे ना त्यात?

तळटीप

दोन आहेत. आणि एक रागावरची.

संस्थेची परवानगी लेखी आली, पण नाव लांबलचक आहे आणि त्यांनीच सांगितलं की 'रुग्णांचं वाचनालय' एवढंच ठेवा, विचारणाऱ्याला नाव सांगा. शेवटचा मजकूर:

'या पुस्तकाच्या विकल्या गेलेल्या प्रत्येक प्रतीमागे आम्ही छापील किमतीचे ४ टक्के रुग्णांच्या वाचनालयाला देतो, दर सहा महिन्यांनी. आजवर किती दिले ते आम्हाला विचारा.'

फाइल उद्या सकाळी छपाईला जाते आहे.

ऱ्हस्वदीर्घ

आता ठीक आहे. जाऊ द्या.